चौकच्या धक्क्यावरून अनघाच्या सहा फळ्या

हा ब्लॉग माझ्या मुलीचा, अनघाचा आहे. किनाऱ्यांबद्दल इथे तीच लिहीत असे. एप्रिलमध्ये सहा दिवसांच्या तापात ती गेली. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांना असं अचानक वाचावं लागतंय, त्याबद्दल माफ करा. पासवर्ड तिच्या वहीच्या पहिल्या पानावर होता, म्हणून मला इथे येता आलं. मी तिचा बाप. शिक्षण सातवीपर्यंत. छापखान्यात चाळीस वर्षं नोकरी केली, आधी अक्षरांचे खिळे जुळवले, खिळे गेल्यावर बांधणीत गेलो. दुसऱ्यांचं पुष्कळ लिखाण हाताखालून गेलं, स्वतःचं असं हे पहिलंच. काही चुकलं तर खाली लिहा, मी दुरुस्त करीन.

भाईंदरच्या चौकला जायचं कसं, असं तुमच्यापैकी तिघांनी तिला विचारलं होतं आणि उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी आता जाऊन आलो, तेव्हा सांगतो. पण नुसता रस्ता सांगून भागणार नाही. मी गेलो होतो ते कामाने.

काम असं. गेल्या वर्षी मे महिन्यात अनघाने चौकच्या धक्क्याला एक दोर बांधून पाण्यात सहा फळ्या सोडल्या होत्या. वहीएवढ्या, करड्या प्लास्टिकच्या. समुद्रात कुठलीही वस्तू राहिली की तिच्यावर जीव येऊन बसतात. कोण कधी येतो, कोण टिकतो, कोण कोणाला ढकलतो, हे वर्षभर बघायचं होतं तिला. दर महिन्याला ती जायची, दोर वर ओढायची, फळ्यांचे फोटो काढायची आणि पुन्हा सोडून द्यायची. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी फळ्या वरच्या जिवांसकट उचलून कॉलेजात न्यायच्या होत्या.

तिचा जीव त्यातल्या एकाच गटात होता, त्यांना ती पिचकाऱ्या म्हणायची. दहावीच्या पुस्तकात हर्डमानिया म्हणून एक चित्र असतं, त्यातली ही मंडळी. मी ते चित्र पाहून म्हणालो होतो, "या शेंबडासाठी एवढी शिकलीस?" तर म्हणाली, "बाबा, जपून बोला. हा शेंबूड आपला चुलतभाऊ आहे."

तेराव्यानंतर तिच्या कॉलेजातल्या मॅडम घरी आल्या. लॅपटॉपवर त्यांनी मला तिचे फोटो दाखवले. सातव्या महिन्यापासून दोन फळ्यांवर पांढरा, कापसाच्या पेळूसारखा एक डाग दिसतो आणि तो दर महिन्याला वाढत जातो. वहीत त्याच्यापुढे अनघाने लिहिलंय, "हा कोण?" आणि मोठं प्रश्नचिन्ह. मॅडम म्हणाल्या, ही पिचकारीचीच एक जात आहे, शेकडो बारीक जीव एका कातड्याखाली राहतात. कदाचित आपल्या किनाऱ्यावर आजवर नोंदलीच गेली नसेल. कदाचित साधी असेल. फोटोवरून सांगता येत नाही, अंग उघडून आत बघावं लागतं. फळी हातात आली की कळेल, आणि जे कळेल ते अनघाच्या नावावर छापून येईल.

"आमची एक विद्यार्थिनी जाऊन घेऊन येईल," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "नाही. मी आणतो."

"काका, झेपेल तुम्हाला?"

"न झेपायला काय झालं? भाईंदरच तर आहे."

इथे एक सांगून टाकतो. त्या अकरा महिन्यांत अनघाने मला बरोबर चला असं अकराही वेळा म्हटलं होतं. मी एकदाही गेलो नाही. गुडघा, गॅसवाला, सोसायटीची मीटिंग, ऊन. धक्क्यावर घसरून पडलो तर तुझंच काम वाढेल, असंही एकदा म्हणालो. शेवटी शेवटी ती चपला घालता घालता विचारायची आणि उत्तराची वाट न पाहता जिना उतरायची.

म्हणून फळ्या मीच आणणार होतो.

मॅडमनी एका कागदावर लिहून दिलं. पहिली ओळ, फळ्यांना हात लावू नये. मग झाकणाची बादली, समुद्राचंच पाणी, फळ्या पाण्यात बुडलेल्या हव्यात, ऊन लागू देऊ नये, दुपारपर्यंत पोचाव्यात. कागद मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि एक झेरॉक्स पिशवीत. मीरा रोडला आमच्या शांती नगरच्या बाजारातून पांढरी बादली घेतली. झाकण घट्ट बसतं का ते पाहायला घरी पाणी भरून ती आडवी केली, तर बाथरूमभर पाणी. बदलून आणली.

चौकमध्ये हिराबाई म्हणून एक कोळीण आहे. धक्क्यासमोरच घर. दोरावर लक्ष ठेवायला अनघाने तिलाच सांगितलं होतं. तिचा नंबर वहीत होता. पहिला फोन केला तेव्हा अनघा गेल्याचं सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. तासाभराने तिचाच आला. दुसरा फोन केला तो दिवस ठरवायला. अमावास्येनंतर दोन दिवसांनी या म्हणाली, सकाळी साडेसातला पाणी पार खाली जातं.

तिसरा फोन मी निघायच्या तीन दिवस आधी केला. तो करायची काही गरज नव्हती. मला झोप येईना. धक्क्यावर वाकून दोर ओढताना आपण पडणार, असं दिसायला लागलं. बसमध्ये बादलीचा वास सुटला, लोकांनी नाक धरलं, कंडक्टरने उतरवलं, तर? म्हणून मी म्हणालो, "हिराबाई, फळ्या तुम्हीच काढून ठेवा. आणि जरा पाणी मारून ठेवा हो. बसने जायचंय, वास नको यायला."

"काय काळजी करू नका बाबा. बराबर करून ठेवतो आमी."

खिशातला कागद मी तिला वाचून दाखवला नाही. तो मला दिलेला आहे, तिथे गेल्यावर मी बघीन, असं माझ्या डोक्यात होतं.

आता रस्ता. शांती नगरहून पहाटे साडेपाचला रिक्षा मिळाली. भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळ बसथांबा आहे, तिथून चौकची बस सुटते. पाटीवर उत्तन लिहिलेल्याही बऱ्याच असतात, चढायच्या आधी विचारा. मी दोघांना विचारलं, मग कंडक्टरलाही विचारलं.

"चौकच ना?"

"काका, तिसऱ्यांदा विचारताय. चौकच. आणि ती बादली सीटवरून खाली घ्या, नाहीतर तिचं हाफ तिकीट फाडीन."

शेजारचा माणूस हसला. "अंकल, मछली लाने जा रहे हो क्या? इतनी बड़ी बाल्टी?"

"नहीं. बेटी का सामान लाने."

त्याने पाय आखडून बादलीला जागा करून दिली. मला पुढचं हिंदी जुळेना.

खिडकी डावीकडची घ्या. मुर्धे, राई, मोर्वे अशी गावं लागतात, मधेमधे मिठागरं. उजाडताना त्या चौकोनांत पाणी इतकं स्थिर असतं की विजेचे खांब त्यात उलटे उभे दिसतात. माझी तीस वर्षं मीरा रोडला गेली आणि हे मी पहिल्यांदा पाहिलं. डोंगरीपाशी चढण लागते, हवा बदलते, मग उत्तन. रस्त्याकडेला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते. तोंडाला तोंड अडकवून जोड्याजोड्यांनी टांगतात. नाश्ता घरून नेलेला बरा, इतक्या सकाळी तिथे चहाशिवाय काही मिळत नाही. छत्री, टोपी आणि मागे पट्टा असलेल्या रबरी चपला हव्यातच.

बसमध्ये मी अनघाचं बोलणं आठवत होतो. जेवताना ती सांगायची, मी अर्धवट ऐकायचो. पिचकारीचं पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं असतं. त्याला शेपूट असते, उजेड कळण्यापुरता एक डोळा असतो, खालीवर कळायला एक कण असतो आणि शेपटीत एक दोरी असते. ती दोरी फार महत्त्वाची. आईच्या पोटात आपण सगळे जेव्हा अगदी लहान असतो, तेव्हा आपल्या पाठीतही तीच दोरी असते, मग तिच्याभोवती मणके घडतात. शिंपल्याला ती नसते, खेकड्याला नसते. पूर्वीचे शास्त्रज्ञ पिचकारीला शिंपल्यांच्या गटात टाकायचे. पिल्लू पाहिलं तेव्हा त्यांना कळलं की हे आपल्या घरातलं आहे.

पिल्लाला तोंड उघडून खाता येत नाही. काही तास, फार तर एखाद-दोन दिवस पोहायचं आणि तेवढ्यात जागा शोधायची. जागा सापडली की डोक्याने चिकटायचं. मग शेपूट आत ओढली जाते, दोरी विरघळते, डोळा जातो, मेंदूचं एक छोटं गाठोडं तेवढं उरतं. उरलेलं आयुष्य तिथेच. एका तोंडाने पाणी आत घ्यायचं, गाळून खायचं, दुसऱ्या तोंडाने बाहेर सोडायचं.

"म्हणजे वाया गेलं की," मी म्हणालो होतो. "पोहता येत होतं, दिसत होतं, सगळं घालवून बसलं."

"बाबा, त्याला जिथे पोचायचं होतं तिथे ते पोचलं," ती म्हणाली. "तुम्ही शेपटीचाच हिशेब धरताय."

मला तेव्हा वाटलं, ही मला उलट बोलतेय. तिने बँकेची परीक्षा द्यावी या माझ्या हट्टावरून आमचं त्या आठवड्यात वाजलेलंच होतं.

बस चौकला शेवटच्या थांब्यावर थांबली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. उतारावरून खाली गेलं की बंदर. हंगाम संपत आलेला, काही होड्या वर ओढलेल्या, काही अजून पाण्यात. हिराबाई रस्त्यावरच उभी होती. पंचेचाळिशीची असेल, उंच, कमरेला पदर खोचलेला.

"अनघा बायचे बाबा ना? चालन्यावरून वलखलं. ती बी अशीच खाली बघून चालायची."

तिने माझ्या हातातली बादली घेतली. आत बघून म्हणाली, "रिकामी बादली येवढी घट धरून आनली! मी बोलली, यात सोनं हाय का काय."

घरी पडवीत तिचे सासरे बसले होते. पोशाबाबा. ऐंशीच्या पुढचे, अंगात बंडी, उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. त्यांनी मला हात धरून शेजारी बसवलं. मग ते म्हणाले, "पोर चांगली व्हती. दर्याला भ्यायची न्हाय. माजे संगती बसून बिडीचा धूर खायची आनि मलाच बोलायची, बाबा बिडी सोडा."

हिराबाईने आतून सुपासारखं मोठं ताट आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. वर नवा कोरा टॉवेल. तिने टॉवेल काढला.

सहाही फळ्या चकचकत होत्या.

खरवडून, धुऊन, वाळवून, खोबरेल लावून पुसलेल्या. प्रत्येकीच्या मधोमध कुंकवाचं बोट. कडेला एक नारळ. दोरही धुऊन वेटोळं करून ठेवला होता.

"आमच्यात असं हाय," पोशाबाबा म्हणाले. "दर्यावरचा मानूस गेला ना, तर त्याचं सामान घरच्यांच्या हाती देताना घानेरडं द्यायचं न्हाय. होडीवानी करायचं. खरवडायचं, तेल द्यायचं, मंग द्यायचं. ती काय आमचे जातीची न्हाय, पन दर्यावरचीच व्हती."

"दोन दिस घासत व्हते," हिराबाई म्हणाली. "मी बोलली द्या मी करते, तर न्हाय. काय बसलं व्हतं त्यावर, बाबा! इतका इतका थर. शिंपल्यांनी अंगठा कापला बघा त्यांचा. आनि तुमी बोल्लाव ना, वास नको. बघा, हाय का वास?"

तिने एक फळी माझ्या नाकाशी धरली. खोबरेलाचा वास येत होता.

मी विचारलं, "वरचं ते... ते कुठे टाकलंत?"

"दर्यान. जिथलं तिथं गेलं."

खिशातला कागद मला छातीला टोचत होता. त्यावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, फळ्यांना हात लावू नये. पोशाबाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हाताऱ्या माणसाला दोन दिवस कष्ट करून दिलेली वस्तू समोरच्याला आवडली की नाही हे बघायचं असतं. मी एक फळी उचलली, पालथी केली. पाठसुद्धा घासलेली होती.

"छान केलंत," मी म्हणालो. "फार छान केलंत."

"मंग!" ते म्हणाले. "बिडी घ्या."

मी कधी बिडी ओढलेली नाही. त्या दिवशी घेतली.

चहा झाल्यावर मी म्हणालो, मला धक्का बघायचाय, ती बसायची ती जागा. खरं म्हणजे मला तो पांढरा डाग शोधायचा होता. फळ्यांवर आला तर शेजारी खांबावर, दगडावर कुठेतरी असेलच, असं माझं गणित. हिराबाई पुढे, मी तिच्या खांद्याला धरून मागे. पडलो नाही. ज्या धक्क्याला मी अकरा महिने भ्यालो तो रुंद, कोरडा, सिमेंटचा होता, आणि त्यावर दोन शाळकरी मुली सायकल शिकत होत्या.

पाणी खूप खाली गेलेलं. खांबांवर कालवांचे थर, हिरवं शेवाळ, काळे शिंपले. मी वाकवाकून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. पांढरं जे दिसे ते चुन्यासारखं कडक निघे.

"बाबा, काय हुडकताव?"

"काही नाही. जागा बघतोय."

तिने मला कडेने खडकांत उतरवलं. अनघा दगड उलटून बघायची तसा एक दगड तिने दोन्ही हातांनी उलटला. "ह्ये बघा. ह्याच्याच मागं ती असायची. दाबा. बोटानं दाबा, चावत न्हाय."

दगडाच्या पोटाला बोराएवढा, मातकट, ओला गोळा चिकटलेला होता. वर दोन बारीक तोंडं. मी दाबला. पाण्याची एक बारीक धार थेट माझ्या चष्म्यावर आली.

हिराबाई खळखळून हसली. "सगल्यांना करतंय! कलेक्टर येवू दे न्हायतर कोन!"

"याला तुमच्यात काय म्हणतात?"

"काय न्हाय. खाता येत न्हाय, इकता येत न्हाय. त्याला नाव कशाला ठेवायचं?"

मी चष्मा पुसला, तरी नीट दिसेना. जानेवारीतली एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आली. अनघाने लॅपटॉपवर काचेसारखी आरपार दिसणारी एक पिचकारी दाखवली होती. आत हृदय हलत होतं, नळीसारखं, एका बाजूने दुसऱ्या बाजूला रक्त ढकलणारं. बघता बघता ते थांबलं. "गेलं!" मी ओरडलो. ती म्हणाली, "थांबा बाबा. घाई करू नका." दोन-तीन श्वास गेले आणि ते पुन्हा सुरू झालं, या वेळी उलट्या दिशेने. यांचं हृदय असंच असतं. थोडा वेळ इकडून तिकडे, मग थांबून तिकडून इकडे. जन्मभर.

एप्रिलमध्ये दवाखान्यात तिच्या उशाशी पडद्यावरची रेघ सरळ झाली तेव्हा डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर न्यायला लागले. मी त्यांना म्हणालो, थोडं थांबा. त्यांना वाटलं, मी भ्रमिष्ट झालोय. त्यांनी थांबू दिलं. चांगले होते.

हे मी हिराबाईला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "फळ्यांवर पांढरा होता, तो हाच का?"

"ह्यो? छ्या! तो येगला. मऊ, सायीवानी. तो फकस्त तुमच्या दोन फल्यांवर व्हता, आजून कुठं बघितला न्हाय मी, येवढं जलमभर हितं हाय तरी. अनघा बाय त्याला बगून आशी हसायची, जसा काय पावना आला." मग तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "का वो? तो पायजे व्हता का?"

मी त्या वेळी काय बोलायचं ते आधी ठरवलं नव्हतं.

"नाही नाही," मी म्हणालो. "त्याचे फोटो आहेत आमच्याकडे."

"हां, मंग झालं," ती म्हणाली आणि दगड होता तसा परत ठेवला. अनघाने तिला शिकवलं होतं म्हणे, उलटलेला दगड तसाच टाकायचा नाही, खालचे जीव उन्हाने मरतात.

शेजारच्या दगडावर तसाच एक मातकट गोळा सैल बसलेला होता. तो मी बादलीत घेतला, समुद्राच्या पाण्यासकट. रिकामं परत जायचं धैर्य नव्हतं. फळ्या टॉवेलमध्ये बांधून पिशवीत. पोशाबाबांनी नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कालेजात सांगा, आमी एक बी हरवली न्हाय. साच्या सा हायत." हिराबाईने सुक्या जवळ्याची पुडी दिली, पैसे घेतले नाहीत. तुम्ही गेलात तर मात्र तिच्याकडून विकत घ्या. जवळा स्वच्छ असतो, वाळू नसते.

परतीची बस साडेनऊची. बादली मांडीवर घेऊन, झाकण दाबून बसलो. उत्तनला बस भरली. बाजाराला निघालेल्या दहाबारा कोळणी टोपल्या घेऊन चढल्या. दारात, जागांमध्ये, पायांशी, सगळीकडे मासळी. ओल्या टोपल्यांतून पाणी बसच्या जमिनीवरून वाहत माझ्या चपलांपर्यंत आलं. कोणीही नाक धरलं नाही. कंडक्टर एकीला "मावशी, माझ्या वाटणीचा बांगडा?" म्हणत तिकिटं फाडत होता. ती म्हणाली, "तुज्या बायकोला विचार, कालच नेला."

राई येईपर्यंत मी खाली मान घालून त्या पाण्याकडे बघत होतो.

भाईंदरहून कॉलेजपर्यंतचा प्रवास लिहीत नाही, तुम्हाला त्याचा उपयोग नाही. मॅडमनी टॉवेल सोडला. फळ्या बघून त्या उठून खिडकीपाशी गेल्या. मग परत येऊन बसल्या. मी सगळं सांगितलं, तिसऱ्या फोनसकट. त्या म्हणाल्या, "काका, मी कोणालातरी पाठवायला हवं होतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बादलीतला गोळा त्यांनी काचेच्या भांड्यात ठेवला, जरा पाहिला आणि म्हणाल्या, हा नेहमीचा आहे, सगळीकडे सापडतो. तरी त्यांनी तो त्याच संध्याकाळी परत समुद्रात सोडायला एका विद्यार्थिनीला सांगितलं.

मी विचारलं, पुन्हा फळ्या टांगल्या तर? त्या म्हणाल्या, टांगू, जरूर टांगू. पण तो बहुतेक एखाद्या बोटीच्या बुडाला चिकटून आला असेल आणि पिल्लं सुटली तेव्हा जवळ या दोन फळ्या होत्या. पुन्हा तसं होईलच असं नाही. झालं तरी ते दुसऱ्या कोणाचं काम असेल.

अनघाचं काम छापून येणार आहे. अकरा महिन्यांचं. त्याचा कच्चा मसुदा मॅडमनी मला पाठवला. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण तक्ता समजतो, आयुष्यभर तक्तेच जुळवले. डावीकडे जातींची नावं एकाखाली एक आहेत, तिरक्या अक्षरांत. सगळ्यांत खाली एका ओळीत नाव नाही. तिथे प्रश्नचिन्ह आहे. अनघाने घातलेलं होतं तेच. ते काढून तिथे नाव घालायची एक संधी होती, ती माझ्या हाताने गेली. पोशाबाबांनी फक्त घासलं. धुवायला मी सांगितलं होतं.

फळ्या आता माझ्याकडे आहेत. मॅडमना त्यांचा उपयोग नव्हता. खोबरेल अजून उतरलेलं नाही. रोज पुसाव्यात की नाही हे मला कळत नाही, म्हणून टॉवेलात बांधून ठेवल्यात.

परवा हिराबाईचा फोन आला. "बाबा, सासरे इचारतान, फल्या कामाला आल्या ना?"

मी म्हणालो, "आल्या. मॅडम खूश झाल्या."

ती तिथूनच आत ओरडली, "आल्या वो कामाला! म्याडम खूस झाली!" मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला.

तर तुम्ही चौकला जाणार असाल तर जरूर जा. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस धरा, पहिली बस घ्या, चपला पट्ट्याच्या घ्या. धक्क्यासमोर हिराबाईचं घर कोणीही दाखवेल. ती तुम्हाला दगड उलटून दाखवेल, चहा देईल, अनघाबद्दल बोलेल. पडवीत पोशाबाबा असतील आणि ते तुम्हाला सहा फळ्यांची गोष्ट सांगतील, दोन दिवस कसं घासलं ते. मग विचारतील, कॉलेजात त्यांचं काय झालं, तुम्हाला काही माहिती आहे का.

इथे वाचलेलं त्यांना सांगू नका. फार उपयोग झाला म्हणा.